‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ : सिव्हिल युनियन का हवी, याबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघी जणी नऊ वर्षं पुण्यात एकत्र राहतात, फ्लॅट एकीच्या नावावर आहे पण हप्ते दोघी मिळून भरतात. कुणीतरी एजंट म्हणाला की पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘विवाह करारनामा’ टाइप करून नोटरी करून देतो, सगळीकडे चालेल. तर तो करावा का? आणि दुसरं म्हणजे, समलिंगी लग्नाला सुप्रीम कोर्टाने नाही म्हटल्यावर आता सगळे सिव्हिल युनियन सिव्हिल युनियन (म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याची कायदेशीर नोंद) करताहेत, तुम्हीही करता, पण ते लग्नापेक्षा दुय्यमच ना, मग कशाला समर्थन करायचं?

पहिल्याचं उत्तर: अजिबात करू नका. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही माझ्यासमोर झाली. लग्न लावायचा अधिकार त्याला नाहीच, स्त्री-पुरुषांचंही नाही. असे कागद घेऊन आलेली बरीच जोडपी मी बघितलीत, छान सोनेरी सील वगैरे असतं, आणि ते बँकेत दाखवलं की समोरचा माणूस फक्त हसतो. पैसे वाया जातात हे एक वेळ सोडा, खरं नुकसान असं की आपलं काम झालं असं वाटून लोक जे खरोखर चालणारे कागद आहेत ते करतच नाहीत.

दुसऱ्याला वेळ लागेल. मी बावीस वर्षं मिळकतीची आणि कौटुंबिक कोर्टाची कामं करतेय. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्यानंतर समलिंगी जोडपी ऑफिसात उघडपणे यायला लागली, आधी यायची ती ‘आम्ही रूममेट’ म्हणून यायची. तेव्हा मीही म्हणत होते की लग्नच हवं, युनियन-बिनियन नको, अर्धवट कशाला मागायचं. माझं मत बदललं ते कुठलं पुस्तक वाचून नाही, एका हॉस्पिटलच्या फॉर्ममुळे बदललं.

दोघी साधारण तुमच्याच वयाच्या. मी त्यांचं सगळं व्यवस्थित करून दिलं होतं, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी), नॉमिनेशन, फाइल अशी जाड. मग एकीला ब्रेन हॅमरेज झालं. रात्री अडीचला दुसरीचा फोन, ऑपरेशनचा कन्सेंट द्यायचाय आणि काउंटरवरचा मुलगा विचारतोय, पेशंटच्या तुम्ही कोण? फॉर्मवर ‘पेशंटशी नातं’ असा रकाना असतो, तिने ‘मैत्रीण’ लिहिलं होतं. मी म्हटलं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दाखव, आणि म्हणतानाच मला कळलं की मी चुकीचं बोलतेय, कारण आपल्याकडे देणारा माणूस शुद्धीवर नसेल, निर्णय घ्यायच्या अवस्थेत नसेल, तर साधं कुलमुखत्यारपत्र चालत नाही, आणि माणूस गेला की ते संपतंच. म्हणजे ज्या क्षणासाठी आपण ते केलेलं असतं नेमकं त्याच क्षणी ते रद्दी. शेवटी सकाळी गावाहून भाऊ आला, सहा वर्षं ज्याने फोन केला नव्हता तो, आणि त्याने सही केली. त्याला कुणीही काही विचारलं नाही. भाऊ म्हटल्यावर काय विचारायचं. (पेशंट वाचली, सांगून टाकते, नाहीतर वाचणारे काळजीत राहतील.)

तेव्हापासून मी क्लायंटना स्पष्ट सांगते की माझे कागद ‘इच्छा’ सांगू शकतात, ‘नातं’ तयार करू शकत नाहीत. आणि आपल्या कायद्यात कितीतरी ठिकाणी इच्छा विचारतच नाहीत, नातं विचारतात.

वारसा घ्या. तुमच्यापैकी जिच्या नावावर फ्लॅट आहे ती मृत्युपत्र न करता गेली तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, नवरा-मुलं नसल्यामुळे, आधी आईवडील, ते नसतील तर वडिलांचे वारस म्हणजे भाऊ-बहिणी, मग आईचे वारस, आणि कुणीच सापडलं नाही तर सरकार. नीट बघा, त्या यादीत सरकारचा नंबर आहे, तुमचा नाही. यावर मृत्युपत्र हा उपाय आहे आणि चांगला उपाय आहे, पण त्याला आव्हान देता येतं, आणि दिलं जातंच, ‘हिने आमच्या मुलीला फूस लावून लिहून घेतलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की विरोधी पक्षाचा अर्ज मी न वाचता सांगू शकते.

नॉमिनी लावलाय ना, असं सगळे म्हणतात. नॉमिनी हा मालक नव्हे, तो पैसे वारसांसाठी सांभाळणारा, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये विम्याच्या बाबतीत सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक सवलत आली की नॉमिनी आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं असतील तर पैसे त्यांचेच. पार्टनर त्यात नाही. सोसायटीतही तसंच, नॉमिनी म्हणून तुम्हाला तात्पुरतं सभासद करतील, पण फ्लॅट वारस किंवा मृत्युपत्र ठरवणार. पीएफ आणि ग्रॅच्युइटीत तर आणखी गंमत, तिथे ‘कुटुंब’ या शब्दाचीच व्याख्या करून ठेवलीये, नवरा किंवा बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, आणि असं कुटुंब असेल तर बाहेरच्याचं नॉमिनेशन चालतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग हयातीतच फ्लॅटमध्ये अर्धा हिस्सा देऊन टाकते. द्या की. नवऱ्याने बायकोला महाराष्ट्रात राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. तुम्ही तुमच्या पार्टनरला दिलंत तर खरेदीखतासारखी पूर्ण स्टॅम्प ड्युटी, पुण्यात अर्ध्या फ्लॅटवरसुद्धा लाखांत जाते. वर इन्कम टॅक्स, कारण ‘नातेवाईक’ नसलेल्याकडून ५०,००० च्या वर भेट मिळाली की ती उत्पन्न धरतात. याच टॅक्सच्या मुद्द्यावर एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात याचिका टाकलीये. मला ती याचिका फार आवडली, कारण त्यात प्रेमाबिमाची भाषणं करायची गरजच नाही, नुसता हिशोब मांडला तरी अन्याय दिसतो.

किडनीचं तर विचारूच नका. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात ‘जवळचे नातेवाईक’ ठरलेले आहेत, त्यात नवरा-बायको आहेत, तुम्ही नाही, त्यामुळे तुमची किडनी जुळत असली तरी प्रकरण कमिटीपुढे जाणार, जिथे तुम्हाला सिद्ध करावं लागेल की तुम्ही ती विकत नाही आहात.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगतेय कारण ‘एका कागदासाठी एवढं काय’ असं विचारणाऱ्यांना वाटतं की मागणी हार-तुरे आणि मांडवाची आहे. मांडव कुणी अडवलेलाच नाही! यवतमाळला २०१७ च्या शेवटी दोन पुरुषांचा समारंभ झाला, नागपुरात २०२१ मध्ये दोन डॉक्टर मुलींनी अंगठ्या घातल्या, पेपरात फोटो आले, घरचे नाचले. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या नजरेत ते चौघंही अविवाहितच.

कोर्टाचं काय झालं ते थोडक्यात. २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये पाच न्यायमूर्तींपुढे दहा दिवस सुनावणी झाली, १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल. लोकांना वाटतं पाचही जणांनी सगळंच नाकारलं. तसं नाहीये. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टचे (धर्म न बदलता नोंदणी लग्न करायच्या कायद्याचे) शब्द कोर्ट बदलणार नाही, यावर पाचही एकमत. पण सिव्हिल युनियनवर ३ विरुद्ध २. चंद्रचूड आणि कौल म्हणाले की जोडपं म्हणून एकत्र येण्याचा हक्क आहे आणि सरकारने त्याला मान्यता दिली पाहिजे, भट, कोहली, नरसिंह म्हणाले की हे काम संसदेचं किंवा विधिमंडळाचं, कोर्टाने आदेश देऊन सरकारला नवी चौकट उभी करायला लावता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. आता यात माझ्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर बहुमताने ‘युनियन देऊ नका’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘आम्ही देणार नाही, तुम्ही द्या’ असं म्हटलंय. उलट पीएफ, पेन्शनसारख्या गोष्टींत या जोडप्यांवर अन्याय होतो हे न्यायमूर्ती भट यांच्या निकालातही आहे. म्हणजे दार लावलंय, कुलूप नाही घातलेलं.

या जोडप्यांच्या अडचणी बघायला केंद्राची कॅबिनेट सेक्रेटरींची कमिटी एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यातून काय आलं? ऑगस्ट २०२४ मध्ये पत्रकं निघाली की जॉइंट अकाउंट उघडायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला बंदी नाही (आधीही नव्हती), रेशनकार्डावर एका घरातले धरा, आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा पार्टनरला मृतदेह ताब्यात घेऊ द्या. नातेवाईक नसतील तेव्हा. हे मी दोनदा वाचलं. तरी रेशनकार्डाचं मी हलकं समजत नाही, आपल्याकडे रेशनकार्डावर नाव आलं की अर्धं नातं सिद्ध होतं, करून घ्याच.

आता ‘दुय्यम’ या शब्दाकडे येते. पहिली गोष्ट, आपल्याकडे घराची नोंदणीसुद्धा दुय्यम निबंधकाकडेच होते, म्हणून घर दुय्यम होत नाही! विनोद सोडा. ज्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये आपल्याला घ्या म्हणून सगळे भांडत होते, तो कायदा स्वतः कसा आला ते बघा. १८७२ चा तिसरा कायदा, केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून आलेला, त्यात नोंदणी लग्न करायचं तर दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, पारशी नाही, आम्ही यातलं काहीच नाही. किती अपमानकारक! त्या काळातही लोक म्हणालेच असतील की असलं अर्धवट काय कामाचं. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांनी दुरुस्ती आणली, हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता आपापसात लग्न करता येऊ लागलं. आणि १९५४ मध्ये आजचा कायदा, कुठल्याही धर्माच्या स्त्री-पुरुषांना. म्हणजे ८२ वर्षं आणि तीन पायऱ्या. पहिली पायरी वाईट होती, पण तिच्यावर उभं राहूनच दुसरी बांधली गेली. आज जी आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडपी माझ्याकडे येतात ती सगळी त्या वाईट पहिल्या पायरीची नातवंडं आहेत.

बाहेरही तसंच झालंय. डेन्मार्कने १९८९ मध्ये नोंदणीकृत भागीदारी दिली, लग्न २०१२ ला. जर्मनी २००१ आणि २०१७. इंग्लंडमध्ये २००५ च्या डिसेंबरात सिव्हिल पार्टनरशिप सुरू झाली, २०१४ ला लग्न. फ्रान्सचं १९९९ चं ‘पॅक्स’ (तिथला नोंदणीकृत भागीदारीचा करार) तर मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं कारण ते पहिल्यापासून सगळ्यांना खुलं होतं, आणि आज ते करणाऱ्यांत बहुतेक स्त्री-पुरुष जोडपी आहेत, म्हणजे तो ‘त्यांचा’ वेगळ्या रांगेतला कायदा राहिलाच नाही. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक ठिकाणी पुढची पायरी येतेच असं नाही, इटलीने २०१६ मध्ये युनियन दिली आणि तिथेच बसलीये. ही भीती खरी आहे. माझं म्हणणं इतकंच की तुमची पंचेचाळिशी आणि आईवडिलांची पंचाहत्तरी त्या आदर्श कायद्यासाठी थांबणार नाही.

जवळचं गंमतशीर उदाहरण गोव्याचं. तिथे अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते, लग्न हा करार, नोंदणी आधी, आणि वेगळं लिहून दिलं नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. माझ्या मते तो हिशोब आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. पण पोर्तुगालने स्वतः २००१ मध्ये समलिंगी जोडप्यांचं सहजीवन मान्य केलं, २०१० ला लग्न दिलं, आणि पणजीत मात्र जुनंच पुस्तक.

समर्थन करते म्हणजे कसल्याही युनियनचं नाही करत हां. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमधली ३० दिवसांची नोटीस, जी ऑफिसच्या बोर्डावर लागते, ती जर यात उचलून टाकली तर मीच विरोध करीन. ज्या मुलींच्या घरचे उचलून न्यायला टपलेले असतात त्यांचा पत्ता भिंतीवर लावायचा? दुसरं, उत्तराखंडने समान नागरी कायद्यात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केलीये, नाही केली तर शिक्षा, आणि ती सुद्धा फक्त स्त्री-पुरुषांसाठी. तसलं पोलीस चौकीछाप रजिस्टर नको. नोंदणी स्वेच्छेने, सगळ्या प्रौढांना खुली, आणि एकदा नोंद झाली की त्या दोघांना प्रत्येक कायद्यात ‘जवळचा नातेवाईक’ समजायचं, हे एक कलम असलं तरी वर सांगितलेलं जवळजवळ सगळं सुटतं. मुलांचा प्रश्न उरतो, कारण दत्तक आज एकटीला घेता येतं पण जोडपं म्हणून दोघींना नाही, मग दुसरी त्या मुलाची कायद्याने कुणीच नाही. शाळेत आणायला जाते, ताप आला की जागते, आणि कागदावर परकी. ते युनियनच्या कायद्यात वेगळं लिहावंच लागेल.

आणि एक गोष्ट जी कार्यकर्ते फारशी बोलत नाहीत पण वकील म्हणून मला बोलावी लागते. कायदा जोडायला जितका लागतो त्याहून जास्त मोडायला लागतो. दोन पुरुष होते, अकरा वर्षं एकत्र, एकाने नोकरी सोडून घर आणि दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला सांभाळलं, फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर. फाटलं. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात दोन बॅगा होत्या आणि माझ्याकडे एकही कलम नव्हतं. पोटगी नाही, राहत्या घराचा हक्क नाही, दिलेले पैसे ‘मित्राला मदत’. तोच जर बायको असता तर पहिल्या महिन्यात मी अंतरिम पोटगीचा अर्ज टाकला असता. लग्नाशिवाय राहण्यात स्वातंत्र्य आहे म्हणतात, असेल, पण ते बहुधा ज्याच्या नावावर फ्लॅट असतो त्याचं.

हे होणार कुठे? लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट बदलायचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण १९७० नंतर खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे त्यावर आशा ठेवू नका. लोक विसरतात की विवाह आणि वारसा समवर्ती सूचीत आहेत, राज्यालाही कायदा करता येतो, केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली तर राष्ट्रपतींची संमती लागते. तामिळनाडूने १९६७ मध्ये पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहांना असाच राज्यपातळीवर कायदेशीर दर्जा दिला. ज्या पुण्यात १८७३ मध्येच सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्न लावलं त्या महाराष्ट्राच्या विधानसभेला हे सुचू नये असं काही नाही. निदान स्टॅम्प ड्युटीची सवलत देणं तर पूर्णपणे राज्याच्या हातात आहे, आमदाराला भेटाल तेव्हा लग्न-संस्कृती काढूच नका, ‘२०० रुपयांच्या यादीत आम्हाला घाला’ एवढंच मागा. मी दोघांना भेटून हेच बोलले, एकाने विषय बदलला, दुसऱ्याने निदान लिहून घेतलं.

तोपर्यंत तुम्ही दोघींनी काय करायचं. मृत्युपत्र दोघींनी वेगवेगळं, पुण्यात नोंदवून, त्या दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून, आणि ‘आईवडिलांना/भावाला का देत नाही’ हे एका वाक्यात, कुणाला न दुखावता. हप्ते भरता त्याची नोंद बँकेतून दिसली पाहिजे, रोख देऊ नका, आणि एक साधा लेखी करार करा की हे पैसे फ्लॅटच्या हिश्श्यापोटी आहेत. पुढचं काही घेतलंत तर दोन्ही नावांवर. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये मानसिक उपचारांपुरतं साध्या कागदावर सही करून कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातं विचारत नाहीत, बघा, म्हणजे आपल्या संसदेला असं लिहिता येतं! ते करून ठेवा. लिव्हिंग विलही करा, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढंच पुरतं, पण ती शेवटच्या अवस्थेतले उपचार थांबवण्यासाठी आहे, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला ती दाखवू नका. आणि जमत असेल तर घरच्यांपैकी एक तरी माणूस, बहीण, मावशी, कुणीही, आधीच बाजूने करून ठेवा, रात्री अडीचला कुलमुखत्यारपत्रापेक्षा मावशी जास्त चालते.

मृत्युपत्राचे साक्षीदार मात्र तुमच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान बघा, आणि जिला द्यायचंय तिनेच साक्षीदार म्हणून सही करू नका. हे दोन्ही लोक हमखास चुकतात.